साडेदहाचं खोटं

माझा हात चालतो. म्हणजे चालायचा. हे आधीच सांगून टाकते, कारण असल्या आठवणी लिहायला बसलं की माणूस पहिल्याच पानावर गरीब गाय होऊन बसतो, आणि वाचणाऱ्याला शिंगं दिसतच नाहीत.

पुण्यात आम्ही दोघी बहिणी आईचा मार खाऊनच मोठ्या झालो. आपल्याकडे मार खातात, बोलणी खातात, शिव्यासुद्धा खातात. पाठीत बसला तो धम्मक लाडू, गालावर बसली ती चापटपोळी. आई पोळ्या लाटता लाटता विचारायची, "काय गं, धम्मक लाडू हवाय का?" आणि आम्ही हसत पळायचो. पळता आलं नाही की हसू थांबायचं. एकदा लाटण्याचा फटका माझ्या डाव्या कोपरावर असा बसला की अजूनही सिडनीच्या जुलैतल्या थंडीत तो कोपर ठणकतो. तरी चारचौघांत मी म्हणायचे, "आईनं मारलं म्हणून तर शिकले." इतक्यांदा म्हटलं की ते मला खरंच वाटायला लागलं.

माझी मुलगी झाल्यावर हे सगळं तिच्या वाट्याला आलं. तिचं मराठी ऑस्ट्रेलियात वाढलेल्या पोरांचं असतं तसंच, अर्ध्यावर आलं की इंग्रजीत घसरणारं. पण धम्मक लाडू हा शब्द तिला पक्का माहीत होता, चवीसकट.

ती तीन वर्षांची असताना आम्ही इकडे आलो. बॅगेत प्रेशर कुकर, पोळपाट-लाटणं, लोखंडी बत्ता, आणि नवऱ्याच्या स्वेटरमध्ये गुंडाळलेला आमच्या पुण्याच्या घरातला राउटर. "चांगला चालतोय की, तिकडे परत कशाला घ्यायचा?" तो म्हणाला. तो नेटवर्कमधला माणूस, दिवसभर मोठमोठ्या कंपन्यांचं नेट सांभाळणारा. मी सॉफ्टवेअर टेस्टर. दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या, त्यांची नीट नोंद करायची, हाच माझा धंदा. सिडनीच्या पश्चिमेला, वेंटवर्थव्हिलच्या दोन बेडरूमच्या युनिटमध्ये त्यानं तो राउटर भिंतीवरच्या डब्याला जोडला, हिरवे दिवे लागले, आणि आम्ही त्याच्याकडे पुन्हा ढुंकून पाहिलं नाही.

फक्त एकदा पाहिलं. पोरगी पहिलीत गेली तेव्हा. सकाळी युनिफॉर्म घालायचा सोडून टॅबलेटवर कार्टून बघत बसायची. एक मोजा पायात, एक हातात. फोनवरच्या अ‍ॅपमधून राउटरला सांगता यायचं की कुठल्या वस्तूचं नेट कधी बंद ठेवायचं. मी टाकलं: टॅबलेट, सोमवार ते शुक्रवार, सकाळी सहा ते साडेसात, नेट बंद. दुसऱ्या दिवशी सात वाजता बघते तर कार्टून आपलं झकास चालू. दोन दिवस खटपट केली. मग नवऱ्याला म्हटलं, "तुझ्या राउटरचं हे फीचर एकदम भिकार आहे." तो म्हणाला, "बघतो." नवऱ्याचं 'बघतो' म्हणजे काय, ते कुठल्याही बाईला विचारा. मी टॅबलेट सकाळचा तांदळाच्या डब्यात लपवायला लागले आणि तो विषय तिथेच संपला.

तुम्ही हे लक्षात ठेवा. आम्ही दोघांनी ठेवलं नाही.

त्याच वर्षी हिवाळ्यात दुसरा लॉकडाउन लागला. आमच्या पश्चिमेकडच्या भागात जरा जास्तच कडक. दुपारी डोक्यावर पोलिसांचं हेलिकॉप्टर घिरट्या घालायचं, आणि युनिटच्या जिन्यात कुणाची पावलं वाजली तरी आम्ही कान टवकारायचो. शाळा बंद. नवरा बेडरूममध्ये हेडफोन लावून. मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर. पोरगी हॉलच्या कोपऱ्यात सतरंजीवर, समोर स्टुलावर टॅबलेट. नऊ वाजता वर्कशीट, साडेदहाला टीचरबरोबर लाइव्ह क्लास. एकेकानं माइक चालू करून सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचायचं.

पहिल्याच दिवशी साडेदहाला एक मिनिट वर झालं आणि ती म्हणाली, "आई, नेट गेलं."

मी माझा लॅपटॉप बघितला. चालू. बेडरूममधून नवऱ्याचा आवाज येत होता, त्याचाही कॉल चालू. टॅबलेटवर वायफायच्या सगळ्या रेषा भरलेल्या, फक्त ते गोल गोल फिरत होतं. मी बंद करून चालू केला. काही नाही. माझी मीटिंग होती, म्हटलं राहू दे. बारा वाजता ती म्हणाली, "आई, आलं." आणि दुपारी शाळेच्या अ‍ॅपवर टीचरचा मेसेज: आज तुमची मुलगी मधेच गेली, आम्हाला तिची आठवण आली.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. शनिवारी मात्र दिवसभर कार्टून, एकदाही अडलं नाही.

आता मला सांगा, कुणाला संशय येणार नाही? आमच्या दोघांचं नेट चालू, हिचंच जातं. नेमकं क्लासला जातं, जेवायच्या वेळेला परत येतं. शनिवार-रविवार सुट्टी असते तसं तेही सुट्टी घेतं. त्यातून लॉकडाउन लागला तेव्हाच ती म्हणाली होती, "मला सगळ्यांसमोर वाचायला नाही आवडत." बस. माझ्या डोक्यात हिशेब पक्का झाला. पोरगी टॅबलेटमध्ये काहीतरी दाबते आणि वर मला बनवते.

"काय दाबलंस?"

"नथिंग."

"खरं सांग."

"आई, रिअली, ते आपोआप गेलं."

पहिला धपाटा चौथ्या दिवशी बसला. पाठीत. फार जोरात नव्हता, असं मी त्यावेळी स्वतःला सांगितलं. ती रडली, आणि मला बरं वाटलं. हो, बरं वाटलं. दिवसभराचं सगळं तुंबलेलं जरा मोकळं झाल्यासारखं. हे लिहायला लाज वाटते, पण तेवढी लाज वाटायलाच हवी.

मग ते रोजचंच झालं. सव्वादहा वाजले की माझं लक्ष कामातून उडायचं. साडेदहाला ती माझ्याकडे बघायची. तोंडातून शब्द काढायच्या आधी तिचे खांदे वर व्हायचे. "आई..." एवढं म्हणाली की माझी तळपायाची आग मस्तकात. तोंडाचा पट्टा सुटायचा, "कानाखाली जाळ काढीन, थोबाड फोडीन, तंगडं मोडून हातात देईन." आपल्याकडे या सगळ्या नुसत्या म्हणायच्या गोष्टी आहेत. पण त्या हिवाळ्यात त्यातल्या किती नुसत्या म्हणायच्या राहिल्या ते मला नक्की सांगता येणार नाही. धपाट्यावरून चापटीवर आले. चापटीवरून फूटपट्टीवर. एकदा केसाला धरून टॅबलेटसमोर बसवली, "बस इथं, बघू कसं येत नाही ते." ती दीड तास त्या फिरणाऱ्या गोलाकडे बघत बसली. बारा वाजता नेट आलं, तेव्हा मला वाटलं, बघा, मार बरोबर लागू पडतो.

आणि एक गोष्ट. हात उगारण्याआधी मी खिडकी लावायचे. वरच्या मजल्यावर, शेजारी, सगळे घरातच होते ना. रोज, न चुकता, आधी उठून खिडकी सरकवायची, कडी घालायची, मग तिच्याकडे वळायचं. 'राग आला की मला भान राहत नाही' असं मी आजवर सगळ्यांना सांगत आले. खिडकी लावण्याइतकं भान व्यवस्थित होतं.

नवरा दार उघडून अर्धं तोंड बाहेर काढायचा. "अगं, जरा हळू. मी कॉलवर आहे." आणि दार लावून घ्यायचा. एवढंच. तो हात उगारणारा माणूस नाही, हे तो अजूनही सांगतो. पोरगी मात्र त्याच्यावरून शिकली. बाबांचा कॉल असतो म्हणून तिनं आवाज न करता रडायला शिकून घेतलं. ओठ आत घ्यायची आणि फक्त छाती हलायची. तोंड दाबून बुक्क्यांचा मार हे मी लहानपणापासून ऐकत आलेले, ते माझ्याच हॉलमध्ये सतरंजीवर रोज चालू होतं.

एकदा ती म्हणाली, "आई, तुझ्या फोनवर लाव ना क्लास. तिथे चालतो." मला तर पुरावाच मिळाला. फोन हवाय म्हणून चाललीत सगळी नाटकं! त्या दिवशी दोन जास्त बसल्या.

सप्टेंबरच्या शेवटी दोन आठवडे सुट्टी होती, टॅबलेट कपाटात होता, तेव्हा घर शांत होतं. मग घड्याळं एक तास पुढे गेली, इथे दर उन्हाळ्याआधी जातात तशी, आणि शाळेची नवी टर्म चालू झाली. तीही घरूनच. पहिल्या दिवशी साडेदहाचा क्लास. मी तिच्याकडेच बघत बसले. नेट गेलं नाही. सव्वाअकरापर्यंत पोरगी क्लासमध्ये. मी खुशीत पोळ्या करायला उठले. नवऱ्याला म्हटलंसुद्धा, "बघ, कशी सुतासारखी सरळ झाली. दोन फटके पडले की येते अक्कल."

त्या टर्मला टीचरनं साडेअकराला वाचनाचा छोटा गट ठेवला होता. चारच मुलं, नीट ऐकून घेता यावं म्हणून. मी तव्यावरची पोळी उलटत होते. पाठीमागून आवाज आला, "आई, नेट गेलं."

माझ्या हातात उलथनं होतं. मला आठवतं ते एवढंच वाक्य, जे माझ्या डोक्यात आलं: म्हणजे हिनं वेळ बदलली. वाचायचं साडेअकराला गेलं तर हिचं खोटंही साडेअकराला गेलं. चोराच्या उलट्या बोंबा, आणि बोंबा मारणारी माझ्याच पोटची. मी खिडकी लावली नाही. त्या दिवशी एकदाच लावली नाही. तिनं तोंड झाकायला हात वर केला आणि उलथन्याची कड तिच्या हातावर बसली, कोपराच्या खाली. एकदा नाही. ती भिंतीकडे सरकली, मी तिच्यामागे गेले. तिचं डोकं भिंतीवर आपटलं, मी आपटलं की तिनं मागे घेताना आपटलं ते मला ठाऊक नाही, आणि ठाऊक नसण्यानं काही फरकही पडत नाही. तव्यावर पोळी जळत होती. "आय डिडन्ट डू इट," ती म्हणत होती, सारखी तेच, "आय डिडन्ट डू इट, आई, आय डिडन्ट." शेवटी नवऱ्यानं येऊन माझं मनगट धरलं. त्याच्या गळ्यात हेडफोन होता आणि त्यातून कुणीतरी 'हॅलो, हॅलो' करत होतं.

हातावर बोटभर लांब जखम. मी हळद लावली. हळद लावताना तिचा हात अगदी स्थिर होता.

पहिलीची मुलं शाळेत सगळ्यात आधी परत गेली, ऑक्टोबरच्या मध्यावर. उकडायला लागलं होतं, तरी मी तिला हिवाळ्यातला लांब बाह्यांचा शर्ट घातला. पालकांना फाटकाच्या आत सोडत नव्हते. ती पाठीवर दप्तर घेऊन आत गेली, मागे वळून न बघता. बाकीच्या आया फाटकाशी डोळे पुसत होत्या. मी तिची बाही खाली आहे ना, ते बघत होते.

चौथ्या दिवशी दुपारी टीचरचा फोन आला. तरुण बाई, आवाज गोड. म्हणाली, काळजीचं काही नाही, पण एक विचारायचं होतं. रोज साडेअकरा वाजले की तुमची मुलगी पेन्सिल खाली ठेवते, दोन्ही हात डोक्यावर घेते आणि विचारते, इंटरनेट गेलं का? आम्ही तर त्यावेळी इंटरनेट वापरतही नसतो. मी म्हटलं, "लॉकडाउनमध्ये तिचं नेट जायचं ना..." टीचर म्हणाली, हो, ते माझ्या लक्षात आलं होतं. आधी रोज बरोबर साडेदहाला जायची, मग घड्याळं बदलली तर बरोबर साडेअकराला. अगदी मिनिटावर. मला वाटलं तुमच्या घरी काही ठरलेलं असेल.

घड्याळं बदलली तर.

मी फोन ठेवला. वीस वर्षं मी हेच काम करतेय. एखादी चूक रोज एकाच वेळी येत असेल तर मी सगळ्यात आधी घड्याळ बघते. नव्यानं आलेल्या पोरापोरींना शिकवते मी हे. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

नवऱ्याचं काम संपेपर्यंत थांबले. मग त्याला सांगितलं, जसं टीचरनं सांगितलं तसं. त्यानं लॅपटॉप घेतला आणि राउटरच्या आत शिरला. त्याचा चेहरा उतरत गेला तो मी बघितला.

"किती वाजले?" त्यानं विचारलं.

"सव्वापाच."

"यात पावणेबारा वाजलेत."

"कसले पावणेबारा?"

"पुण्याचे," तो म्हणाला. "याचं घड्याळ पुण्याचंच आहे. मी कधी बदललंच नाही."

माझे सकाळचे सहा ते साडेसात. पुण्याचे सहा ते साडेसात. इथले साडेदहा ते बारा. घड्याळं पुढे गेल्यावर साडेअकरा ते एक. सोमवार ते शुक्रवार. फक्त टॅबलेट. मी माझ्या हातानं, माझ्या फोनवरून, पोरीचं नेट रोज बंद करत होते, आणि मग ते का बंद झालं म्हणून तिला मारत होते.

नवरा म्हणाला, "तू सांगितलं होतंस. मी बघतो म्हणालो होतो." त्याच्या डोळ्यात पाणी होतं. मला त्याचा इतका संताप आला की ते पाणी पुसावंसंही वाटलं नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी. आणि आमच्या घरात चोर दोन, दोघंही आईबाप.

मी ओट्याखालचा बत्ता काढला. राउटर भिंतीवरून ओढला, प्लग तसाच लागलेला, फरशीवर टाकला आणि घातला बत्ता. एक, दोन, किती माहीत नाही. प्लॅस्टिक उडालं, एक हिरवा दिवा तरी लागलेलाच, तो फुटेपर्यंत घातला. नवरा "अगं, अगं" करत होता. माझ्या तोंडातून काय काय निघत होतं. थांबले तेव्हा हॉलमध्ये पोरगी नव्हती.

ती जेवणाच्या टेबलाखाली होती. गुडघे पोटाशी, दोन्ही हात डोक्यावर. बत्ता अजून माझ्या हातात. ती म्हणाली, "आई, मी नाही केलं. मी हातपण नाही लावला."

मी बत्ता टाकला. गुडघ्यावर बसले. म्हटलं, "बाळा, तू नाही केलंस. मी केलं. मला कळलं आता. तू खरं बोलत होतीस, रोज खरं बोलत होतीस. मला माफ कर." मी रडत होते, नाकडोळे एक झाले होते. तिनं टेबलाखालून माझ्याकडे नीट बघितलं, खरं वाटतंय का ते बघितल्यासारखं. मग म्हणाली, "नो वरीज."

दुकानात चुकून धक्का लागला तर इथली माणसं म्हणतात तसं. ती बाहेर आली नाही. मी हात पुढे केला तर आणखी थोडी मागे सरकली.

पुढचे काही दिवस मी तिच्याशी मऊ बोलत होते, तिच्या आवडीचं करत होते. ती सगळ्याला "ओके" म्हणायची. ओके, थँक यू, नो वरीज. पाहुणी म्हणून आलेल्या मुलीसारखी. मला वाटलं होतं, माफी मागितली की रडेल, भांडेल, निदान चिडेल. मला भीती वाटायला लागली की हिनं आत कुठेतरी माझं नेट कायमचं बंद करून टाकलंय.

पुढच्या आठवड्यात शाळा सुटताना टीचर फाटकाशी उभी होती, हातात फाइल. मला बघून हात केला. म्हणाली, आम्ही वर्गाचं एक छोटं पुस्तक करतोय, 'लॉकडाउनमध्ये आम्ही घरी काय खाल्लं'. सगळ्यांनी एकेक पदार्थ सांगितला. कुणी बनाना ब्रेड, कुणी फ्राइड राइस. तुमच्या मुलीचा पदार्थ मला सगळ्यात आवडला, पण नाव धड म्हणता येत नाही. तिनं फाइलमध्ये बघून सावकाश वाचलं, "धम्माक लाडू."



"ती म्हणते, तिला रोज साडेदहाला एक मिळायचा," टीचर कौतुकानं म्हणाली. "मॉर्निंग टीला! किती छान. त्यात काय काय असतं? रेसिपी द्याल का मला?"

माझी मुलगी शेजारी उभी होती. लांब बाहीचा शर्ट, उन्हानं लाल झालेले गाल. टीचरनं वर्गाला विचारलं होतं, घरी काय खाल्लंत, आणि तिनं खरंखरं सांगितलं होतं. मला माहीत होतं, इथे शिक्षकांना असलं काही कळलं की ते वर कळवावंच लागतं. मग घरी माणसं येतात, मुलांना एकट्याला बसवून विचारतात. आमच्या ओळखीत एकांकडे आली होती, त्यांच्याबद्दल लोक अजून कुजबुजतात. मी तोंड उघडलं. मी काय बोलणार होते ते देवाशपथ मला माहीत नाही. खरं बोलणार होते असं आज म्हणायला आवडेल.

पण त्याआधी तीच बोलली.

"चिकपी फ्लॉअर, बेसन," ती टीचरला म्हणाली. "अँड घी. अँड शुगर." आणि तिनं मूठ वळली, अगदी माझी मूठ असते तशी, आणि ती मूठ दुसऱ्या तळव्यावर हलकेच गोल फिरवली. "यू रोल इट लाइक धिस. माय मम मेक्स इट सॉफ्ट."

टीचरनं सगळं लिहून घेतलं. म्हणाली, यम.

आम्ही निघालो. फुटपाथवर जॅकरँडाच्या जांभळ्या फुलांचा चिखल झाला होता. ती एकेक फूल चुकवत चालत होती. कोपऱ्यावर आलो तेव्हा मी विचारलं. 

"बाळा, टीचरना खोटं का सांगितलंस?"

ती थांबली. तिच्या कपाळाला आठी पडली, एखादी सोपी गोष्ट मोठ्या माणसाला कळत नाही तेव्हा मुलांच्या पडते तशी.

"खरं सांगितलं की मार मिळतो ना, आई."

गाड्या जात होत्या. कुणीतरी हॉर्न दिला. मी तिचा हात धरला, बाहीवरून, आणि लगेच सोडला, कारण खाली जखम होती. मग दुसरा हात धरला आणि मागे वळले. शाळेच्या दिशेनं. तिला कळलं. तिनं पाय रोवले, मला ओढायला लागली, पहिल्यांदाच इतक्या महिन्यांत मोठ्यानं रडायला लागली, आवाज करून, रस्त्यात, "नको आई, नको ना, आय फिक्स्ड इट, मी सांगितलं ना बेसनचं, नको." मी तिला उचलून घेतली. जड झाली होती. मला कळलंच नव्हतं किती वाढली होती ती घरात बसून.

टीचर अजून फाटकाशी होती, राहिलेल्या टोप्या गोळा करत. आम्हाला बघून हसली, मग पोरीचा रडवेला चेहरा बघून हसू थांबलं.

मी तिला खाली ठेवलं. तिची बाही कोपरापर्यंत वर केली.

"मघाशी माझी मुलगी खोटं बोलली," मी म्हटलं. "आज पहिल्यांदाच. याआधी ती कधीच बोलली नव्हती."